शेतावर बोकड सोलून साफ करण्याची रीत

शिकार केलेले हरीण रानातच कसे सोलावे आणि साफ करावे, याची वर्णने परदेशी शिकाऱ्यांच्या लेखांत आणि चित्रफितींत भरपूर सापडतात, आणि अलीकडे आपल्याकडील तरुणही ती आवडीने पाहतात. सोलापूर जिल्ह्यात मात्र त्या माहितीचा हरणासाठी काही उपयोग नाही. नान्नजच्या माळावर आणि आजूबाजूच्या ज्वारीच्या शेतांत दिसणारे काळवीट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि नुसते मांस घरात सापडले तरी गुन्हा दाखल होतो. पण रानात, उघड्यावर, मोजक्या साधनांनी जनावर साफ करण्याचे जे कसब आहे, ते आपल्याकडे बोकडासाठी नेहमीच लागते. कंदुरी असो, जागरण-गोंधळ असो किंवा जावळाचे जेवण असो, बोकड बहुधा वस्तीवरच कापला जातो, आणि खाटीक वेळेवर मिळाला नाही की घरच्याच चार माणसांना हात घालावा लागतो. हा लेख अशा घरच्या माणसांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. सोलापूर शहरात आणि नगरपालिका असलेल्या गावांत, मान्यताप्राप्त कत्तलखान्याखेरीज इतरत्र जनावर कापण्यास २००१ च्या कत्तलखाना नियमांनी मनाई केलेली आहे. गाभण शेळी, तीन महिन्यांहून लहान करडू आणि ज्या शेळीचे करडू तीन महिन्यांच्या आतले आहे ती शेळी, यांना कापण्यासही तेच नियम मना करतात. पुढे जे सांगितले आहे ते खेड्यातील शेतवस्तीवर, घरच्या खाण्यापुरत्या कामासाठी आहे, विक्रीसाठी नाही.

या कामाचे सारे तत्त्व एका गोष्टीत सामावलेले आहे. निरोगी जनावराच्या कातड्याखालचे मांस मुळात स्वच्छ असते. ते घाण होते ते आपल्या हातांनी. केसांवरची धूळ आणि मूत, पोटातला अर्धवट पचलेला चारा, आतड्यांतील लेंड्या आणि वरून पडणारे ऊन हे चार शत्रू मांसापर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत, आणि कोणता चिरा आधी, कोणता नंतर, हे सगळे त्यावरूनच ठरते. हे एकदा ध्यानात आले की बारीकसारीक रीती पाठ करण्याची गरज राहत नाही.

आदल्या दिवशी

बोकड आदल्या दिवशी संध्याकाळपासून चारा न देता बांधून ठेवावा. पाणी मात्र शेवटपर्यंत समोर असावे. पोट रिकामे असले की ते काढताना फुटण्याचा धोका कमी होतो, आणि पाणी प्यालेल्या जनावराचे कातडे सहज सुटते. बाजारातून त्याच दिवशी टेम्पोत उभा करून आणलेला बोकड उतरवल्याबरोबर कापणे ही सर्वांत वाईट पद्धत होय. धावपळीने आणि भीतीने स्नायूंतील साठवलेली साखर संपते, त्यामुळे कापल्यावर मांसात जे आम्ल तयार व्हायचे ते पुरेसे होत नाही, आणि असे मांस काळपट, चिकट राहते व लवकर खराब होते. कापण्यापूर्वी एक रात्र शांत विश्रांती द्यावी, हा जाणत्यांचा आग्रह म्हणूनच शास्त्राला धरून आहे.

त्याच वेळी जनावर नीट पाहून घ्यावे. डोळे तेजस्वी, नाक स्वच्छ, वाहते नाही, रवंथ चालू, लेंडी घट्ट, आणि अंगाचा ताप सुमारे १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट, ही निरोगी बोकडाची लक्षणे आहेत. ओठांवर मावा, म्हणजे फोड आणि खपल्या, आलेला असेल किंवा जबड्याखाली, खांद्यापुढे पुवाच्या गाठी लागत असतील, तर पशुवैद्यकांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. अलीकडे इंजेक्शन किंवा जंताचे औषध दिले असेल, तर त्या औषधाच्या वेष्टनावर मांसासाठी किती दिवस थांबावे हे छापलेले असते. ते दिवस पुरे होऊ द्यावेत. अचानक मेलेले जनावर तर कधीच चिरू नये. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल तर ती काळपुळी, म्हणजे फाशी, असू शकते. असे जनावर उघडले की रोगाचे बीज हवेत आणि मातीत पसरते व माणसालाही लागते. तेथे सुरी नव्हे, पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आपल्या भागात मिळणारा बोकड बहुतेक वेळा उस्मानाबादी, काळा, लोंबत्या कानांचा आणि काटक असतो. खच्ची न केलेला मोठा बोकड माजावर असला की तो आपल्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मूत उडवतो, आणि शिंगांच्या मागच्या ग्रंथींचा उग्र वासही त्यात मिसळतो. पुष्कळ लोक ज्याला मटणाचा वास म्हणतात, त्याचा मोठा भाग सोलणाऱ्याच्या हाताने केसांवरून मांसावर आलेला असतो. जेवणासाठी शक्यतो लहानपणी खच्ची केलेला किंवा वर्षाच्या आतला बोकड निवडावा.

जागा, वेळ आणि साधने

सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, हे लक्षात घेता काम पहाटे उजाडता उजाडता सुरू करावे आणि ऊन चढण्याआधी मांस पातेल्यात किंवा बर्फात गेलेले असावे. पहाटे माश्याही कमी असतात. लिंबाची आडवी फांदी असेल तर उत्तम. नसेल तर तीन वाशांची तिकाटणी किंवा गोठ्याची लोखंडी तुळई चालते. उंची एवढी हवी की टांगलेल्या बोकडाची मान जमिनीला लागणार नाही आणि त्याचे पोट सोलणाऱ्याच्या छातीसमोर येईल. खाली धुतलेला प्लास्टिकचा कागद अंथरावा. पोते अंथरू नये, कारण त्याचे धागे आणि धूळ मांसाला चिकटतात.

साधने फार लागत नाहीत. बोटभर रुंद पात्याची सहा इंची सुरी सोलण्यासाठी, दुसरी तशीच सुरी फक्त मांसासाठी, धार लावण्याची पोलादी सळई, हाडांसाठी सत्तूर आणि चिंचेच्या लाकडाचा ओंडका, चऱ्हाट, सुतळी, तीन-चार घमेली, दोन पिंपे स्वच्छ पाणी, साबण, आणि एका पातेल्यात उकळते पाणी. सुरी जितकी धारदार तितकी कमी इजा होते, ही गोष्ट नवख्या माणसाला पटत नाही; बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, ती सटकते आणि हातात शिरते. उकळत्या पाण्याचे पातेले सुऱ्यांसाठी आहे: कातड्याचे काम झाले की सुरी धुऊन त्यात बुडवावी आणि मगच मांसाला लावावी.

कापणे हे काम अनुभवी माणसाकडेच द्यावे. आपल्या खेड्यांत ते परंपरेने मुलाण्याचे काम आहे, आणि एका झपाट्यात, खाचा नसलेल्या सुरीने, दुसऱ्या शेळ्यांच्या नजरेआड ते करण्याची त्याची पद्धत योग्यच आहे. त्यानंतर घाई करू नये. श्वास पूर्ण थांबलेला असावा, डोळ्याच्या बुबुळाला बोट लावले तरी पापणी हलू नये, आणि रक्ताची धार थेंबांवर आलेली असावी; तोवर कातड्याला सुरी लावणे क्रूरपणाचेही आहे आणि मांसासाठी वाईटही, कारण न निथळलेले रक्त मांस लवकर नासवते.

सोलणे

प्रथम मुंडी वेगळी करावी, आणि मानेच्या चिऱ्यातून अन्ननलिका मोकळी करून तिला सुतळीची घट्ट गाठ मारावी. श्वासनलिका कडक कड्यांची असते, अन्ननलिका मऊ आणि तिच्या मागे असते. हाताला फरक लगेच कळतो. ही गाठ बहुतेक जण विसरतात, आणि मग बोकड उलटा टांगला की पोटातले हिरवे पाणी मानेवरून, छातीवरून ओघळते. मागच्या पायांचे खूर टाचेच्या खालच्या सांध्यातून उतरवावेत, टाचेच्या वरची जाड शीर आणि हाड यांच्यामधल्या पातळ पडद्यात भोक पाडून त्यातून चऱ्हाट ओवावे आणि जनावर टांगावे. शीर कापली गेली तर सगळे ओझे खाली येते, म्हणून भोक शिरेच्या आतल्या बाजूला, हाडालगत पाडावे.

कातड्याचा प्रत्येक चिरा आतून बाहेर द्यायचा असतो. सुरीचे टोक कातड्याखाली सरकवावे, धार आपल्याकडे म्हणजे बाहेरच्या बाजूला ठेवावी आणि कातडे उचलत कापत जावे. बाहेरून आत कापले तर केस तुटतात, आणि तुटलेला केस ओल्या मांसाला असा चिकटतो की धुऊनही निघत नाही. मागच्या दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूने गुदद्वारापर्यंत, तेथून पोटाच्या मध्यरेषेवरून छातीपर्यंत आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूने असे चिरे दिले की कातडे मोकळे होऊ लागते. पोटावर सुरी फार खोल जाऊ देऊ नये. कातड्याखाली पोटाची भिंत बोटाएवढीही जाड नसते.

येथून पुढे सुरी बाजूला ठेवावी. एका हाताने कातड्याची कड ओढून धरावी आणि दुसऱ्या हाताची मूठ कातडे आणि मांस यांच्यामध्ये दाबत न्यावी, म्हणजे पांढरा पडदा मांसावरच राहतो आणि कातडे फाटत नाही. तो पडदा मांसाचे नैसर्गिक आवरण आहे. तो जितका शाबूत तितके मांस कमी सुकते आणि कमी मळते. सोलण्याआधी कातड्याखाली हवा भरण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे आणि तिने काम खरोखर सोपे होते, पण तोंडाने फुंकणे कटाक्षाने टाळावे. सायकलचा स्वच्छ पंप वापरावा. ज्या हाताने कातडे धरले तो हात मांसाला लावायचा नाही, हा नियम पाळताना सुरुवातीला अवघडल्यासारखे होते, म्हणून दोघांनी काम वाटून घ्यावे: एकाने फक्त कातडे ओढावे, दुसऱ्याने फक्त मुठीने सोडवावे. मुताने माखलेले पुढचे पाय सर्वांत शेवटी सोलावेत. कातडे मानेवरून उतरले की ते केसांची बाजू आत येईल असे गुंडाळून दूर ठेवावे आणि दोघांनीही साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत.

पोट उघडणे

कापल्यापासून साधारण अर्ध्या ते पाऊण तासाच्या आत पोट रिकामे झाले पाहिजे. जनावर मेले तरी पोटातले आंबणे थांबत नाही. वायू धरतो, पोट तट्ट फुगते आणि आतड्यांतील जंतू बाहेर सरकू लागतात.

आधी गुदद्वाराभोवती गोल चिरा देऊन ते मोकळे करावे, थोडे बाहेर ओढावे आणि सुतळीने बांधावे. मग मांड्यांच्या मध्ये पोटाच्या भिंतीला दोन बोटे जातील एवढेच भोक पाडावे. डाव्या हाताची दोन बोटे आत घालून त्यांनी भिंत बाहेर उचलून धरावी, त्या दोन बोटांच्या बेचक्यात सुरी धार बाहेर करून धरावी आणि खाली छातीच्या हाडापर्यंत सावकाश यावे. बोटे आतड्यांना मागे ढकलतात आणि सुरीचे टोक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आतडी आता स्वतःच्या भाराने पुढे झुकतील. खाली मोठे घमेले धरून ठेवावे.

बांधलेले गुदद्वार आतून ओढून घ्यावे. वाटेत मूत्राशय दिसेल; ते भरलेले असेल तर त्याचे तोंड चिमटीत घट्ट धरून, कापून, थेंबही न सांडता दूर टाकावे. पोटावर पसरलेली जाळीदार चरबी आधी अलगद उचलून स्वच्छ ताटात ठेवावी, कारण काळजावर, म्हणजे यकृतावर, गुंडाळून भाजायला ती फार चांगली. नंतर कोठीपोट, म्हणजे चाऱ्याचे मोठे पोट, दोन्ही हातांनी खालून आधार देत बाहेर घ्यावे, बांधलेली अन्ननलिका छातीकडून ओढून घ्यावी, आणि सगळा पसारा एकदम घमेल्यात उतरवावा. ओढाताण करू नये. जेथे अडते तेथे पातळ पडदा असतो, तो बोटाने सोडवावा.

काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. परदेशी लेखांत हरणाबद्दल लिहिताना तिचा उल्लेखच नसतो, कारण चितळ-सांबरासारख्या खऱ्या हरणांना पित्ताशय नसतेच. तेवढे वाचून बोकडाला हात घालणारा माणूस हमखास फसतो. पिशवीची मान चिमटीत धरावी आणि काळजाचा नखाएवढा तुकडा तिच्याबरोबर गेला तरी चालेल अशा बेताने कापून काढावी. पित्त सांडलेच तर तेवढा भाग लगेच कापून टाकावा. धूत बसले तर कडवटपणा पसरतो.

शेवटी छाती आणि पोट यांच्यामधला पडदा बरगड्यांलगत कापला की हृदय, फुप्फुसे आणि श्वासनलिका एकत्र बाहेर येतात. गुर्दे चरबीत दडलेले असतात. ते पाठीला तसेच राहू द्यावेत आणि तुकडे करताना काढावेत.

आता काही मिनिटे फक्त पाहण्यासाठी द्यावीत. काळीज गुळगुळीत, एकसारखे गडद तांबूस आणि कडांना धारदार असावे. त्यावर पांढरे पट्टे असतील आणि कापल्यावर पित्तनळ्यांतून पानासारखे चपटे जंत निघाले, तर ते काळीज खाऊ नये. काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गोल गाठी दिसल्या तर त्या फोडू नयेत आणि कुत्र्याला तर अजिबात घालू नयेत. त्या गाठींत पट्टकृमीची पिले असतात. कुत्र्याच्या पोटात ती मोठी होतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर आणि आपल्या हातावर येतात, आणि तशाच गाठी माणसाच्या काळजात धरतात. वस्तीवर बोकड कापला की फुप्फुसे कुत्र्यांपुढे फेकण्याची जी सवय आहे, ती याच कारणासाठी मोडली पाहिजे. गाठी एखाददुसऱ्या अवयवापुरत्या असतील तर तो अवयव पुरावा. साऱ्या अंगावर पिवळेपणा, पाणथळपणा किंवा पू दिसत असेल तर पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय काहीही शिजवू नये.

सोललेल्या धडावर भसाभस पाणी ओतण्याचा मोह आवरावा. लेंडी किंवा चाऱ्याचा डाग लागलेला भाग सुरीने कापून टाकणे हेच खरे साफ करणे. पाण्याने तो डाग धडभर पसरतो आणि ओले मांस लवकर आंबते. पोटाची आतली पोकळी मात्र स्वच्छ पाण्याने एकदा धुऊन, धुतलेल्या सुती फडक्याने कोरडी करावी.

वजडी, मुंडी आणि पाय

वजडीचे काम दुसऱ्या माणसाने, दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावे. पोट उलटे करून आतला चारा उकिरड्यात टाकावा, चांगले खत होते. मग वजडी कढत पाण्यात बुडवून खरवडावी, पण पाणी खदखदते नसावे. उकळत्या पाण्यात काळी साल शिजून घट्ट बसते आणि मग निघत नाही. हात घालवणार नाही इतपत, म्हणजे साधारण ६५ ते ७० अंश सेल्सियस पाणी पुरे. खाण्याचा चुना चोळला तर साल लवकर सुटते; नंतर चार-पाच पाण्यांनी चुना पूर्ण काढावा. आतडी बारीक काडीवर उलटवून मिठाने चोळून धुवावीत. मुंडी आणि पाय जाळावर केस जळेपर्यंत भाजून, खरवडून घ्यावेत. बाभळीचा जाळ यासाठी उत्तम, टायर किंवा रॉकेलचा जाळ कदापि नको.

ऊन आणि मांस

मांस पाच ते साठ अंश सेल्सियसच्या दरम्यान असते तोवर जंतूंची वाढ चालू राहते, आणि आपल्याकडे मार्चनंतर सावलीतली हवाही त्या मर्यादेच्या मधोमध असते. त्याच वेळी कापल्यानंतर काही तासांत मांस ताठरते, आणि ताठरलेले मांस कितीही शिजवले तरी चिवट लागते. म्हणून उन्हाळ्यात एकच मार्ग शहाणपणाचा आहे: धड मलमलीच्या कापडाने झाकून, सावलीत, वाऱ्याला अर्धा-पाऊण तास निथळू द्यावे आणि ताठरण्याआधी लगेच चुलीवर चढवावे. हिवाळ्यात, माळावर पहाटे गारठा असतो तेव्हा, धड रात्रभर टांगून सकाळी तुकडे केले तर मांस अधिक मऊ लागते. गरम मांस थेट फ्रीजरमध्ये कोंबणे मात्र चूक आहे. अचानक गारठ्याने स्नायू आखडतात आणि मांस वातड होते. गावाहून शहरात न्यायचे असेल तर आधी मांस निववावे, मग बर्फ बंद पिशव्यांत भरून डब्यात खाली-वर ठेवावा. वितळलेले पाणी मांसाला लागू देऊ नये.

तुकडे आणि वाटे

सत्तूर जितका कमी चालेल तितके बरे. पुढचा खांदा हाडाच्या सांध्याने शरीराला जोडलेलाच नसतो, तो नुसत्या सुरीने उतरतो. मांडीचा सांधाही टोक घालून फिरवले की निखळतो. सत्तूर फक्त पाठीचा कणा, मान आणि नळ्या यांसाठी उचलावा, आणि तोही एका घावात. दोन-तीनदा मारले की हाडाच्या कपच्या रश्श्यात येतात आणि लहान मुलांच्या घशात अडकतात. मांडीच्या चरबीत आणि खांद्यापुढे वालाएवढ्या करड्या गाठी असतात, त्या काढून टाकाव्यात.

तीस किलोच्या बोकडाचे साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे कमी, म्हणजे तेरा ते पंधरा किलो, मांस हाडांसकट पडते. चार घरांनी मिळून बोकड घेतला असेल तर वाटे घालण्याची आपली जुनी पद्धत वजनकाट्यापेक्षा न्याय्य आहे, असे मला वाटते. प्रत्येक वाट्यात मांडी, खांदा, चाप, सीना, मान, काळीज आणि चरबी यांचे थोडे थोडे तुकडे पडले पाहिजेत. काट्यावर वजन सारखे येते, पण एकाकडे मांडी आणि दुसऱ्याकडे नुसती मान जाते. वाटे लावणाऱ्याने आपला वाटा सर्वांत शेवटी उचलावा, म्हणजे तो आपोआप सारखे वाटे घालतो.

उरलेले

रक्त, टाकाऊ अवयव आणि गाठी यांसाठी विहीर आणि ओढ्यापासून दूर, किमान तीन-चार फूट खोल खड्डा आधीच खणून ठेवावा, वर चुना भुरभुरावा आणि माती घट्ट दाबून काटेरी फांद्या टाकाव्यात, नाहीतर रात्री कुत्री तो उकरतात. ओंडका मिठाने घासून, उकळते पाणी ओतून उन्हात उभा करावा. हाताला जखम असलेल्या माणसाने आतड्यांच्या कामात पडू नये, आणि गरोदर बायकांनी तर शेळीचे गर्भाशय हाताळूच नये.

कातडे विकायचे असेल तर ते त्याच दिवशी, कापल्यापासून चार तासांच्या आत मिठात गेले पाहिजे. मांसाची बाजू वर करून ते सावलीत पसरावे, चिकटलेली चरबी खरवडावी आणि कातड्याच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश जाडे मीठ कडांपर्यंत, विशेषतः मानेच्या व पायांच्या घड्यांत, चोळावे. दुसऱ्या दिवशी सुटलेले पाणी निथळू देऊन पुन्हा थोडे मीठ लावावे आणि मांसाची बाजू आत येईल अशी घडी घालावी. उन्हात वाळवलेले कातडे कडक होऊन घडीवर फुटते, आणि मग त्याला भाव मिळत नाही.